ज्युनियस केलॉग : चाकांवरचा दुसरा डाव

साडेसहा फुटांहून अधिक उंची, हातात बास्केटबॉल आणि खिशात जेमतेम पैसे. जानेवारी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजचा ज्युनियस केलॉग हा विद्यार्थी या अवस्थेत असताना त्याच्यापुढे एक हजार डॉलरचे आमिष ठेवण्यात आले. आमिष दाखवणारा परका नव्हता. तो त्याच कॉलेजच्या संघाचा माजी सहकर्णधार होता.

केलॉग यांचा जन्म १९२७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथचा. अकरा भावंडांत ते थोरले. लष्करात नोकरी करून ते कॉलेजात आले आणि शिष्यवृत्तीवर मॅनहॅटनकडून बास्केटबॉल खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. व्यावसायिक 'एनबीए'चे दार कृष्णवर्णीयांसाठी १९५० मध्ये नुकतेच किलकिले झाले होते. शिकता शिकता केलॉग आइस्क्रीमसारखा पदार्थ विकणाऱ्या एका दुकानात तासाला ७५ सेंटवर राबत. त्या हिशेबाने हजार डॉलर म्हणजे तेराशेहून अधिक तासांची मजुरी होती.

अमेरिकेत तेव्हा सट्टा केवळ कोण जिंकेल यावर लागत नसे, किती गुणांनी जिंकेल यावर लागत असे. त्यामुळे खेळाडूने सामना हरलाच पाहिजे असेही नव्हते. दोन-चार फेक हुकवायच्या, प्रतिस्पर्ध्याला अडवताना पाऊलभर उशीर करायचा, की गुणफरक सटोडियांना हवा तसा होई आणि प्रेक्षकांना संशयही येत नसे. क्रिकेटमधील सामनानिश्चितीचे प्रकरण २००० मध्ये उघड झाले तेव्हा हादरलेल्या आपल्या वाचकांना ही पद्धत अनोळखी वाटू नये.

केलॉग यांनी प्रशिक्षक केन नॉर्टन यांना सारे सांगितले. प्रकरण जिल्हा सरकारी वकिलांकडे गेले. पुढचे पाऊल अधिक कठीण होते. होकाराचे नाटक करायचे, अंगावर ध्वनियंत्र लपवायचे आणि पुन्हा त्याच माणसाला भेटायचे. त्यांनी तेही केले. १६ जानेवारीला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाशी सामना झाला. मनावरील ताणामुळे केलॉग यांचा खेळ इतका बिघडला की त्यांना बाहेर बसवावे लागले. लाच नाकारलेल्या खेळाडूचा खेळ लाच घेतल्यासारखा दिसावा, ही विलक्षण थट्टाच. मॅनहॅटनने सामना ६२-५९ असा जिंकला.

त्यानंतर धागा उसवत गेला. १९४७ ते १९५० या काळात सात कॉलेजांच्या ३२ खेळाडूंनी १७ राज्यांतील ८६ सामन्यांत हात ओले केल्याचे उघड झाले. १९५० मध्ये दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडूही त्यात होते.

पदवी घेऊन केलॉग हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गाजलेल्या प्रदर्शनी संघात दाखल झाले. एप्रिल १९५४ मध्ये आर्कान्सा राज्यात संघातील सहकाऱ्यांसोबत प्रवास करताना मोटारीचा टायर फुटला आणि गाडी उलटली. केलॉग यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत होऊन शरीर लुळे पडले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

माजी सैनिक असल्यामुळे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील सैनिकी रुग्णालयाचे दार त्यांना उघडे होते. व्हीलचेअर बास्केटबॉल जन्मला तोही अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांतच. १९४६ च्या सुमारास महायुद्धात अपंगत्व आलेल्या जवानांनी तो सुरू केला. दीर्घ उपचारांनंतर हातांत थोडे बळ परतलेल्या केलॉग यांना आपला खेळ नव्या रूपात इथेच सापडला.

हा खेळ सोपा करून दिलेला नाही, हे सांगायला हवे. मैदान तेवढेच, टोपलीही जमिनीपासून दहा फुटांवरच. चाकांना दोन वेळा ढकलल्यावर चेंडू आपटावा, पास करावा किंवा फेकावा लागतो. एका हाताने खुर्ची वळवायची, दुसऱ्याने चेंडू राखायचा आणि खुर्च्या एकमेकींवर आदळत असताना बसल्या जागेवरून नेम धरायचा. उंचीवर ज्यांची सारी कारकीर्द उभी होती, त्या माणसासाठी तर ही नवी बाराखडीच होती.

केलॉग यांनी प्रशिक्षकाची भूमिका स्वीकारली. पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या नावाने खेळणारा 'पॅन अ‍ॅम जेट्स' हा व्हीलचेअर संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली चार आंतरराष्ट्रीय विजेतेपदे मिळवून गेला. खेळाडूच्या व्यंगापेक्षा त्याचा बचाव आणि त्याची फेक यांची चर्चा व्हावी, अशी स्थिती येण्यास या काळातील अशा संघांचा मोठा हातभार लागला. १९८१ मध्ये अमेरिकेतील व्हीलचेअर बास्केटबॉलच्या मानवंतांत केलॉग यांची निवड झाली.

१९६६ पासून त्यांनी न्यूयॉर्क महापालिकेच्या समाजविकास विभागात काम केले आणि तेथे ते वरिष्ठ पदापर्यंत पोचले. गरीब वस्त्यांसाठीच्या योजनांचे ते काम होते. वर्तमानपत्रांना त्यात फारसा रस नव्हता.

१६ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रॉन्क्समध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांच्या मथळ्यांना १९५१ मधला तो नकार आठवला. खुर्चीत काढलेली ४४ वर्षे मात्र खालच्या परिच्छेदांत गेली.