नामदार गोखले : रुग्णशय्येवरील दातृत्व

स्वदेशापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला ज्या थोर पुरुषांची आठवण जवळची वाटावी, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्याचा हा प्राध्यापक केंद्रीय कायदेमंडळाच्या कामासाठी वर्षानुवर्षे कलकत्त्यास जात-येत राहिला आणि अखिल हिंदुस्थानला आपले घर मानता झाला. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मधुमेहासारख्या दुर्धर व्याधीने ग्रासलेले असताना त्यांनी जे दिले, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ साली वडील वारले. त्यावेळी वडीलबंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झालेल्या गोपाळरावांना आपली विद्या कोणाच्या त्यागावर उभी आहे ह्याचा विसर कधी पडला नाही. पैशाच्या मागे न लागता ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक झाले व १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवीत राहिले. गुरुवर्य न्यायमूर्ती रानडे ह्यांनी दिलेले उपरणे ते प्राणापलीकडे जपत आणि विशेष प्रसंगीच अंगावर घेत. मिळालेल्याची जाण हीच त्यांच्या देण्यामागील प्रेरणा होती. १२ जून १९०५ रोजी स्थापन झालेला भारत सेवक समाज हे तिचेच मूर्त स्वरूप होय.

त्या काळी मधुमेहावर खात्रीचा इलाज नव्हता. इन्सुलिनचा प्रथम उपयोग झाला तो १९२२ साली, म्हणजे गोखल्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. तोपर्यंत कडक पथ्य आणि विश्रांती एवढेच वैद्यांच्या हाती होते. गोखल्यांना पथ्य पाळता आले असेल. पण विश्रांती मात्र त्यांच्या स्वभावातच नव्हती. प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, प्रकृती ढासळलेली असताना, ते दक्षिण आफ्रिकेतील हिंदी बांधवांची दैना डोळ्यांनी पाहण्यासाठी केपटाउनला उतरले.

ह्या दौऱ्यातील एक प्रसंग आपणां परप्रांतस्थ मराठी जनांना विशेष हृद्य वाटेल. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची बरीच वस्ती होती. त्यांच्यापुढे मराठीत बोलावे, आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू, असा गांधीजींनी आग्रह धरला. गांधीजींच्या मराठीविषयी गोखल्यांना प्रथम हसूच आले. पण त्यांनी ते मानले आणि पुढे झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलले. रत्नागिरीच्या ह्या सुपुत्राची मायबोली समुद्रापलीकडे राबणाऱ्या आपल्याच मुलखाच्या माणसांच्या कानी पडली, ती अशी.

टॉल्स्टॉय फार्मवर जाताना ते पावसात भिजले व त्यांना थंडी बाधली. त्यांच्यासाठी मुद्दाम खाट आणविलेली होती; परंतु तेथील सर्वजण जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी ती दूर करविली आणि आपले अंथरूण जमिनीवर घालावयास लावले. पाय चेपून घेण्यासही ते राजी झाले नाहीत. रुग्णाला सेवा घेण्याचा अधिकार असतो, हे खरे. पण जे इतरांच्या वाट्याला नाही ते आपण आजाराच्या नावाखाली घ्यावे, हे त्यांच्या मनाला रुचले नाही.

तीन पौंडांच्या जाचक कराबाबत तेथील सरकारने गोखल्यांना दिलेला शब्द पाळला नाही आणि १९१३ साली सत्याग्रहाचा वणवा पेटला. त्यावेळी गोखले अंथरुणाला खिळले होते. तरीही आफ्रिकेहून येणाऱ्या लांबलचक तारा वाचणे, देशभर निधी जमविणे, अँड्र्यूज व पिअर्सन ह्यांना तिकडे धाडणे ही सर्व कामे ते रुग्णशय्येवरून जातीने पाहत होते. १९१४ साली तो कर रद्द झाला. त्याच वर्षी देऊ केलेला 'सर' हा किताब मात्र त्यांनी नम्रपणे नाकारला.

१९१४ च्या उत्तरार्धात लंडनमध्ये गोखले स्वतः व्याधिग्रस्त होते आणि गांधीजीही फुप्फुसावरणाच्या विकाराने आजारी पडले होते. गोखल्यांना घोर लागला तो गांधीजींच्या आहाराचा. दूध घ्यावे म्हणून त्यांनी परोपरीने विनविले. पण गांधीजींनी विचारपूर्वक नकार दिला तेव्हा मतभेद असूनही त्यांनी आग्रह सोडला. आपले मत बाजूस ठेवून दुसऱ्याच्या विवेकाला मान देणे हेही एक प्रकारचे औदार्यच नव्हे काय?

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यास आले. भारत सेवक समाजाच्या सभासदांशी त्यांचे विचार जुळत नव्हते. तरी गोखल्यांनी त्यांच्या भावी आश्रमाचा खर्च उचलण्याचे कबूल करून समाजाच्या वहीत त्यांच्या नावे खाते उघडावयास सांगितले. गांधीजींसाठी त्यांनी फराळाचा लहानसा मेळावा योजला होता. स्वतःच्या खोलीपासून चार पावलांवरचे ते ठिकाण. पण तेवढे चालण्याचेही त्राण उरले नव्हते. हट्टाने आले आणि मूर्च्छित झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठविला तो एवढाच, की माझ्यासाठी कार्यक्रम थांबवू नये.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. श्रीनिवास शास्त्री, ना. म. जोशी, ठक्करबाप्पा, हृदयनाथ कुंझरू अशा निरनिराळ्या प्रांतांतील सेवकांनी त्यांच्या समाजाचे काम पुढे नेले.

आपल्या कुटुंबांतूनही दीर्घ आजार सोसणारी माणसे आहेत. आता आपल्या हातून कोणाचे काय होणार, ह्या विचाराने ती खंतावतात. नामदारांपाशी शेवटी ना बळ होते, ना चालण्याची शक्ती. आलेली तार वाचणे, कोणाच्या पथ्याची चौकशी करणे, एका कार्यकर्त्याच्या खर्चाची काळजी वाहणे एवढेच उरले होते आणि तेवढे त्यांनी अखेरपर्यंत केले. पंधरा रुपयांतले आठ पाठविणाऱ्या भावाकडून ते देणे शिकले होते. उरलेल्या थोड्यातून पुष्कळ कसे द्यावे, हा त्या घरचा धडा त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत गिरविला.