लकव्याच्या पेशंटचं आधी सीटी स्कॅन का करतात? ते मशीन बनवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट

दारव्ह्यात पहाटे कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना झाला, की घरचे ओळखतात, लकवा मारला. गाडी काढून यवतमाळ गाठायचं, साधारण ४० किलोमीटर. आणि तिथं गेल्यावर डॉक्टर आधी डोक्याचं सीटी स्कॅन करायला सांगतात. नातेवाईक चिडतात, इलाज सोडून फोटो कसले काढता म्हणून.

पण लकवा दोन उलट कारणांनी येतो. मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद पडते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत दिलं तर हात-पाय वाचू शकतात. तेच फुटलेल्या रक्तवाहिनीच्या पेशंटला दिलं तर जीव जाऊ शकतो.

हा फरक काही मिनिटांत दाखवणारं मशीन बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते डॉक्टर नव्हते, विद्यापीठाची पदवीही नव्हती.

१९१९ साली इंग्लंडमध्ये नेवार्कजवळ शेतकरी कुटुंबात जन्म, पाच भावंडांत शेंडेफळ. पोरगं गवताच्या गंजीवरून घरी बनवलेल्या ग्लायडरने उड्या मारायचं. महायुद्धात हवाई दलात रडार शिकले, नंतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि १९४९ ला ईएमआय कंपनीत लागले. एचएमव्हीच्या तबकड्या आठवतात ना, कुत्र्याच्या चित्रवाल्या? त्याच समूहाची ही कंपनी. बीटल्सच्या कमाईतून स्कॅनर बनला असं रंगवून सांगतात, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानेही त्यात पैसा घातला होता.

तिथं त्यांचा कॉम्प्युटर मेमरीचा एक प्रकल्प गुंडाळला गेला. आता नवीन काय करायचं, या विचारात १९६७ ला कल्पना सुचली. एखाद्या वस्तूतून सगळ्या बाजूंनी किरणं सोडायची, किती अडली ते मोजायचं आणि आत काय आहे ते कॉम्प्युटरकडून गणिताने काढून घ्यायचं.

पहिल्या प्रयोगात एका चित्राची मापं घ्यायला ९ दिवस लागले. एक्स-रे ट्यूब लावल्यावर ९ तास. तपासायला कत्तलखान्यातून बैलाचे मेंदू आणले, तर त्यात रक्तस्रावच दिसायचा, कारण मारण्याआधी जनावराला बेशुद्ध करताना बसलेला धक्का. मग ज्यूंच्या पद्धतीच्या कत्तलखान्यातून मेंदू आणावे लागले. लकव्यात जे शोधायचं असतं ते मशीनने असं आधीच दाखवून दिलं होतं, तेही अडचण म्हणून!

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये डॉ. जेम्स ॲम्ब्रोस यांनी पहिल्या पेशंटचं स्कॅन केलं. त्या बाईंच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्रात गाठ दिसली आणि ऑपरेशनमध्ये ती तशीच निघाली.

१९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळालं. लग्न त्यांनी केलं नाही. २००४ साली ते गेले.

एक गोष्ट मात्र नातेवाइकांनी ध्यानात ठेवावी. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही. ताजं रक्त पांढरं चमकतं, म्हणून डॉक्टर आधी रक्तस्राव नाही ना तेवढं बघतात. स्कॅन नॉर्मल आला म्हणून पेशंटला घरी न्यायचं नसतं. हा पांढरेपणा मोजायच्या पट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि एककाचं नाव हाउन्सफील्ड. रिपोर्टमध्ये ते एचयू असं लिहिलेलं असतं.