विलायतेत शिकून आलेल्या डॉ. रखमाबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तेव्हा भाषेत काही उणे दिसले तर सांभाळून घ्यावे. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली बाई म्हटली की आनंदीबाई जोशींचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या मागोमाग गेलेल्या आणि परत येऊन आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या डॉ. रखमाबाईंविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. म्हणून मी त्यांनाच निवडले.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे सावत्र वडील मोठे विद्वान आणि मायाळू होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले. जावयाने सासरेबुवांच्या आधाराने शिकून मोठे व्हावे, असे ठरले होते. जावई काही शिकला नाही. मुलगी मात्र माहेरी राहून घरातली पुस्तके वाचीत शहाणी झाली.

१८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे असे की, कळत नसताना लावलेले लग्न मला मान्य नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पण अपील झाले, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. सावत्र वडील १८८५ सालीच वारले होते. केसरीसारखे पत्रही त्यांच्या विरुद्ध लिहीत होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि तुरुंग टळला. या खटल्याने उठलेल्या वादळाचा परिणाम पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर झाला.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला. या बाई एडिंबरोला मेडिकल शिकायला गेलेल्या पहिल्या सात मुलींपैकी एक. तेथे त्या शिकल्या, पण विद्यापीठाने त्या मुलींना पदवी दिली नाही. मुलीची वाट कशी अडवली जाते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली, चोविसाव्या वर्षी, रखमाबाई विलायतेस गेल्या.

लंडनमध्ये त्या प्रथम मॅकलॅरन नावाच्या कुटुंबात राहिल्या. यजमान पार्लमेंटचे सभासद होते आणि त्यांच्या पत्नी ईवाबाई स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या. बायकांसाठी १८७४ साली निघालेल्या लंडनच्या मेडिकल स्कूलमध्ये रखमाबाईंनी नाव घातले. तेव्हा तेथे एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या प्रमुख होत्या. रोग्यांजवळचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलात मिळे. शिक्षण लंडनला झाले, पण परीक्षेला स्कॉटलंडला जावे लागले, कारण तेथल्या वैद्यकीय संस्था स्त्रियांना परीक्षेला बसू देत. लंडनच्या जुन्या रॉयल कॉलेजांची दारे बायकांना १९०९ पर्यंत बंदच होती. म्हणजे सुधारलेल्या मुलुखातही बाईला आडवाटेनेच जावे लागे! आपल्याच देशात सगळे मागासलेपण होते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि मग परत आल्या. सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात आणि नंतर राजकोटला मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले. मुंबईत कोर्टात नाव गाजलेली ही बाई परगावी जाऊन बाळंतिणींच्या उशाशी बसली. १९२९ साली पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. १९५५ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात. ज्या लग्नासाठी तुरुंगात जायला तयार झाल्या, पण नांदायला गेल्या नाहीत, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी का घ्यावे? माझ्या जाऊबाई म्हणतात, संस्कार सुटत नाहीत. मला वाटते, लोकांची तोंडे बंद करून काम निर्वेधपणे करता यावे, हाही हेतू असेल. तुम्हाला काय वाटते, ते हळदीकुंकवाला भेटू तेव्हा जरूर सांगा.

माझी थोरली मुलगी यंदा बारावीला आहे. तिला परदेशी शिकायला जायचे आहे. कर्ज, दूरचा देश, एकटी मुलगी. या काळजीने आमच्या घरात अजून होकार नाही आणि नकारही नाही. हे चरित्र वाचल्यावर आमची काळजी संपली, असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट कळली. रखमाबाई एकट्याच्या हिमतीवर गेल्या नाहीत. आई पाठीशी होती, पीचीबाईंनी वाट दाखवली, अनोळखी माणसांनी वर्गणी दिली, परक्या घराने आसरा दिला. एवढे हात लागले तेव्हा एक डॉक्टर घडली, आणि तिने पुढे कितीतरी बायकांचे जीव वाचवले. आपल्या मंडळात भिशी आहे, सहल आहे, भजन आहे. नाशिकच्या एखाद्या होतकरू मुलीच्या फीसाठी दरसाल थोडी रक्कम बाजूला काढता येईल का, याचा विचार पुढच्या सभेत व्हावा, अशी माझी विनंती आहे.