हॅरी स्टुलड्रेअर : चार घोडेस्वारांपैकी एक

होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात स्थापन केलेले नॉत्र दाम विद्यापीठ पवित्र मरियेचे नाव धारण करते. परंतु विसाव्या शतकात त्याची कीर्ती घरोघरी पोहोचली ती फुटबॉलमुळे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून खाली पाडतात. मैदानावर संघाच्या चाली ठरविणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. हॅरी स्टुलड्रेअर हे नॉत्र दामचे क्वार्टरबॅक होते.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०१ रोजी ओहायोतील मॅसिलॉन येथे झाला. उंची ५ फूट ७ इंच, वजन जेमतेम ६८ किलो. अशा धसमुसळ्या खेळात हा मुलगा टिकेल कसा, असेच कोणासही वाटावे. प्रशिक्षक नूट रॉकनी यांनी मात्र त्यांची बुद्धी हेरली. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे लष्करी अकादमीच्या संघावर १३-७ असा विजय मिळाला. तो पाहून ग्रँटलंड राइस या पत्रकाराने स्टुलड्रेअर, मिलर, क्राउली आणि लेडन या चौघांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. त्या हंगामात संघ अपराजित राहिला व १ जानेवारी १९२५ रोजी त्याने स्टॅनफर्डला २७-१० असे हरविले.

त्याच वर्षी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, स्टुलड्रेअर ऑगस्टिनियन धर्मगुरूंच्या विलानोवा विद्यापीठात प्रशिक्षक झाले. अकरा वर्षांत ६५ विजय, २५ पराभव व ९ बरोबरी! या काळाची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. रॉकनी १९३१ साली विमान अपघातात मृत्यू पावले, तेव्हा शिष्याने गुरूचे चरित्रही लिहिले.

१९३६ साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. तेथे यश व अपयश दोन्ही वाट्यास आले. १९४२ च्या संघाने केवळ एक सामना गमावला आणि पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या ओहायो स्टेटला १७-७ असे नमविले. पण महायुद्ध सुरू होते. खेळाडू सैन्यात गेले. त्यांतील डेव्ह श्राइनर १९४५ साली ओकिनावाच्या रणांगणावर धारातीर्थी पडला. असा संघ पुन्हा उभा राहिला नाही. १९४८ साली नऊपैकी सात सामने गमावले, तेव्हा प्रेक्षकांनीच हॅरींना निरोप देणारे फलक भर मैदानात झळकविले. प्रशिक्षकाच्या घरच्यांना काय सोसावे लागते, हे त्यांच्या पत्नी मेरी यांनी त्याच वर्षी एका राष्ट्रीय साप्ताहिकात लिहिले. आमच्या मते त्या लेखात तक्रारीपेक्षा व्यथाच अधिक होती.

हंगामाअखेर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. पुढे पिट्सबर्ग येथे एका पोलाद कंपनीत नोकरी केली. १९५८ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांची निवड झाली, ती खेळाडू म्हणून. २६ जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.