फ्रेडी मर्क्युरी : एकट्याचे आणि चौघांचे

फारोख बलसारा यांचा जन्म १९४६ साली झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. पाचगणीच्या शाळेत शिकताना सोबत्यांच्या बँडमध्ये ते पियानो वाजवीत. पुढे लंडनला १९७० मध्ये ‘क्वीन’ हा रॉक बँड उभा राहिला आणि फारोखचे फ्रेडी मर्क्युरी झाले. बँडमधील चौघेही गाणी रचत.

१९८५ मध्ये फ्रेडींनी एकट्याचा अल्बम काढला. त्याला क्वीनएवढे यश लाभले नाही. त्याच वर्षी वेम्बलीत चौघांनी मिळून सारे मैदान जिंकले. मात्र १९८८ चा ‘बार्सेलोना’ त्यांनी बँडबाहेर, ऑपेरा गायिकेसोबत केला आणि तो गाजला. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्हांला वाटते, नवी वाट एकट्याने जरूर शोधावी. पण बरोबरीचे सोबती सोडू नयेत.