डॉ. लूसी विल्स

मांडी घालून फार वेळ बसलें, कीं पायांस मुंग्या येतात. दाबलेला मज्जातंतु मोकळा झाला, कीं त्या जातात. म्हणून आम्ही विद्यार्थी ती गोष्ट हसण्यावारी नेतों. परंतु आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतही अशीं माणसें आढळतात, कीं ज्यांच्या हातापायांच्या मुंग्या महिनोन्‌महिने राहतात. मधुमेह हें त्याचें एक कारण. जीवनसत्त्वांची उणीव हें दुसरें. अशा उणिवांचा उलगडा होण्यास ज्यांचे मुंबईंतील परिश्रम उपयोगीं पडले, त्या विदुषीचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

विल्सबाईंचा जन्म १८८८ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ झाला. १९११ सालीं केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास पुरा केला; परंतु तें विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांस पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेंत शुश्रूषेचें काम केल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या, व १९२० सालीं लंडन येथें डॉक्टर झाल्या.

१९२८ सालीं त्या मुंबईस आल्या. गरोदरपणीं गरीब स्त्रियांस होणारा एक पांडुरोग अनेकींचा बळी घेत असे. त्याचें कारण शोधावयाचें होतें. बाईंनीं ह्या स्त्रियांच्या ताटांत काय पडतें तें पाहिलें, आणि तसेंच निकस अन्न उंदरांस व माकडांस घालून प्रयोग केले. यीस्टच्या मार्माइट नांवाच्या स्वस्त अर्कानें रोग हटतो, असें १९३१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. दुसऱ्या एका घातक पांडुरोगास बरा करणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र येथें लागू पडेना. यावरून हीं दोन द्रव्यें निराळीं असलीं पाहिजेत, असें त्यांनीं ताडिलें.

तें अनुमान खरें ठरलें. यीस्टमधील द्रव्य म्हणजे फोलेट. यकृतांतील द्रव्य म्हणजे ब-१२, जें १९४८ सालीं हातीं आलें. रक्तास दोन्ही हवींत. पण मज्जातंतूंवरील आवरण ब-१२ वांचून टिकत नाहीं. तें कमी पडलें, कीं मुंग्या येतात, पाय बधिर होतात, तोल जातो. अशा रोग्यास नुसतें फोलेट दिलें, तर रक्त सुधारतें, रोग झांकला जातो, आणि मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. कधीं ती भरूनही निघत नाहीं. म्हणून मुंग्यांवर आपल्याच मतानें गोळ्या घेणें धोक्याचें आहे. रक्त तपासून घ्यावें. मेथी, पालक व कडधान्यें यांत फोलेट असतें. ब-१२ मात्र दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें. केवळ भाजीभाकरीवर राहणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

विल्सबाई १९६४ सालीं वारल्या. गर्भधारणेपूर्वींच फोलेट घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यांतील व मेंदूंतील पुष्कळ व्यंगें टळतात, असें १९९१ सालीं सिद्ध झालें. तें पाहण्यास त्या नव्हत्या. गरिबाच्या ताटाकडे निरखून पाहणें हेंही शास्त्रच होय, एवढें त्यांच्या चरित्रावरून आम्ही शिकलों.