चौथी मिती हातांनी शोधणाऱ्या ॲलिशिया बूल स्टॉट

लांबी, रुंदी आणि उंची यांपलीकडे आणखी एक मिती असेल, तर ती मुलांना कशी समजवावी? एकोणिसाव्या शतकात चार्ल्स हॉवर्ड हिंटन या इंग्रज शिक्षकाने त्यासाठी लाकडी ठोकळे वापरले. त्या ठोकळ्यांनी ॲलिशिया बूल स्टॉट यांच्या आयुष्याला दिशा दिली.

ॲलिशिया यांचा जन्म ८ जून १८६० रोजी आयर्लंडमधील कॉर्क येथे झाला. आजच्या संगणकाचा तार्किक पाया ज्यांच्या बीजगणितावर उभा आहे, ते जॉर्ज बूल त्यांचे वडील. आई मेरी या भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ॲलिशिया चार वर्षांच्या असताना वडील वारले आणि पाच मुलींचे कुटुंब विखुरले. काही वर्षे आजीकडे काढल्यावर त्या लंडनला आईकडे आल्या. तेथे घर कोंदट होते, पैसा अपुरा होता आणि विद्यापीठीय शिक्षणाचा प्रश्नच नव्हता.

त्या सुमारे अठरा वर्षांच्या असताना हिंटन यांनी बूल भगिनींपुढे छोट्या ठोकळ्यांचा ढीग मांडला. प्रत्येक ठोकळ्याला लॅटिन नाव होते; ती नावे पाठ करून निरनिराळे आकार रचायचे होते. धाकटी बहीण एथेल हिला हा खेळ कंटाळवाणा वाटला. ॲलिशिया मात्र त्यात रमल्या आणि हिंटन यांच्याही पुढे गेल्या. हिंटन यांनी पुढे जपानमध्ये स्वतःच्या मुलांना अवकाशाची जाण यावी म्हणून बांबूंची चौकट उभारली. त्यांचे पुत्र सेबॅस्टियन यांनी त्याच आठवणीतून अमेरिकेत बागेतील ‘जंगल जिम’ साकारले.

ॲलिशिया यांची रीत छेदांची होती. चेंडू हळूहळू पाण्यात बुडवला, तर पाण्याच्या पातळीवर आधी एक बिंदू, मग वाढत जाणारे आणि पुन्हा आक्रसणारे वर्तुळ उमटते. सपाट जगातील प्राण्याला चेंडू असाच, तुकड्यातुकड्यांनी, कळेल. त्याच न्यायाने चतुर्मितीय आकृती आपल्या अवकाशातून सरकली, तर आपल्याला तिचे त्रिमितीय छेद एकामागून एक दिसतील. हे छेद त्यांनी केवळ पट्टी आणि कंपासाने काढले व पुठ्ठ्यात उभे केले. चौथ्या मितीत नियमित आकृती सहाच असतात, हे त्यांनी स्वतंत्रपणे शोधले. स्विस गणिती श्लेफ्ली यांनी ते आधीच सिद्ध केले होते, याची त्यांना कल्पना नव्हती.

१८९० मध्ये विमागणिती वॉल्टर स्टॉट यांच्याशी विवाह झाल्यावर घर आणि दोन मुले सांभाळत हे काम चालू राहिले. डच गणिती स्खाउटे यांचे संशोधन पतीने दाखवताच ॲलिशिया यांनी आपल्या प्रतिकृतींची छायाचित्रे त्यांना पाठवली. दोघांचे निष्कर्ष तंतोतंत जुळले. स्खाउटे यांच्या आग्रहामुळे १९०० आणि १९१० मध्ये त्यांचे निबंध ॲम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाले. १९१४ मध्ये, स्खाउटे यांच्या निधनानंतर वर्षभराने, ग्रोनिंगेन विद्यापीठाने पदवीच नसलेल्या या गृहिणीला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

त्यानंतर बराच काळ त्या गणितापासून दूर होत्या. १९३० मध्ये भाचे जेफ्री टेलर यांनी त्यांची भेट तरुण कॉक्सेटर यांच्याशी घालून दिली आणि सत्तरीत त्या पुन्हा कामाला लागल्या. १७ डिसेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य भूमितिज्ञ ठरलेल्या कॉक्सेटर यांनी आपल्या ग्रंथात त्यांचे ऋण आवर्जून नोंदवले.